विश्लेषण : ऑलिम्पिक पदकानंतर खाशाबा जाधव यांच्या वाट्याला काय आले? खेळाडूंना ‘करिअर सपोर्ट’ का लागतो?

दरवर्षी १५ जानेवारीला महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन साजरा होतो. हा दिवस म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्मदिवस. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकून त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या दौऱ्यासाठी पैसे कोणी उभे केले, पदक घेऊन परतल्यावर त्यांनी आधी कोणते काम हाती घेतले, पोटापाण्याची नोकरी कधी मिळाली आणि निवृत्तीनंतर काय झाले, याची चर्चा कमी होते.

आज जगभरात अव्वल खेळाडूंसाठी ‘लाइफस्टाइल आणि करिअर सपोर्ट’ नावाची वेगळी सेवा उभी राहिली आहे. सरावाइतकेच खेळाडूचे शिक्षण, पैसा, नोकरी आणि खेळ थांबल्यानंतरचे आयुष्य महत्त्वाचे असते, हा त्यामागचा विचार. ही सेवा कशासाठी लागते, हे समजून घ्यायचे तर खाशाबांच्या आयुष्याइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

गोळेश्वर ते कोल्हापूर…

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावंडांमध्ये खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांनीच त्यांना लाल मातीत उतरवले.

शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. विद्यार्थिदशेतच १९४२ चे ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू झाले. सातारा जिल्हा त्या चळवळीत आघाडीवर होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, निरोप आणि पत्रके पोहोचवणे ही कामे खाशाबांनीही केली.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्याकडे त्यांनी कुस्तीचे धडे घेतले. उंची कमी, पण चपळाई आणि डावपेचांवर हुकमत. प्रतिस्पर्ध्याची मान पकडीत घेऊन त्याला फेकणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

कोल्हापूरच का, याचेही उत्तर इथे महत्त्वाचे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून या संस्थानात कुस्तीला राजाश्रय होता. तालमी होत्या, खासबागेसारखे मैदान होते, पैलवानाच्या खुराकाची आणि राहण्याची सोय होत असे. आजच्या भाषेत सांगायचे तर ती त्या काळातली ‘स्पोर्ट्स सपोर्ट सिस्टीम’च होती. फरक इतकाच की ती राजाच्या इच्छेवर चालत असे. खेळाडूचा त्यावर हक्क नव्हता.

लंडन १९४८ : पहिली संधी, पहिला धडा

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले.

हा निकाल किती मोठा होता, ते समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खाशाबांची सगळी कुस्ती मातीतली. ऑलिम्पिकची कुस्ती मॅटवर, वेगळ्या नियमांनी. मातीत पाय रोवता येतो, मॅटवर पकड आणि तोल यांचे गणित बदलते. मातीत पाठ टेकवली की निकाल लागतो. मॅटवर गुण मोजले जातात आणि ठरावीक वेळेत कुस्ती संपते. या सगळ्याचा पुरेसा सराव नसतानाही ते सहाव्या स्थानापर्यंत गेले. लंडनमध्ये अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केले.

खाशाबा परतले ते पुढच्या ऑलिम्पिकची तयारी मनात घेऊनच. पुढची चार वर्षे सराव वाढवत ते वरच्या वजनी गटात, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये गेले.

हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कुठून आले?

पहिला अडथळा निवडीचा होता. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाच्या फरकाने त्यांची संधी हुकली. आपल्याला हेतुपुरस्सर कमी गुण दिल्याची त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह यांच्याकडे दाद मागितली. महाराज तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या हस्तक्षेपामुळे पुन्हा चाचणी झाली, खाशाबांनी ती जिंकली आणि संघात जागा मिळवली.

दुसरा अडथळा पैशांचा. इथे इतिहासातला एक बदल आडवा आला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ज्या दरबाराने लंडनचा खर्च केला होता, तो दरबार आता राज्यकर्ता राहिला नव्हता. त्याची जागा घेणारी सरकारी व्यवस्था अजून तयार झालेली नव्हती. खेळाडूच्या दौऱ्याचा खर्च कोणत्या खात्याने करायचा, कोणत्या निकषावर करायचा, याची घडीच बसलेली नव्हती. सरकारकडे केलेल्या खटपटीतून दौऱ्याची सोय झाली नाही.

मग माणसे पुढे आली. गोळेश्वर आणि कराड परिसरातल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या ऑलिम्पिकसाठी प्राचार्याने राहते घर गहाण ठेवावे, ही गोष्ट आज प्रेरणादायी म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजूही आहे. खाशाबा हेलसिंकीला निघाले तेव्हा त्यांच्या डोक्यावर एका घराचे कर्ज होते.

२३ जुलै १९५२ ला काय घडले?

हेलसिंकीत खाशाबांनी जोरदार सुरुवात केली. कॅनडाचा अॅड्रियन पोलिक्वीन आणि मेक्सिकोचा लिओनार्दो बसुर्तो यांना त्यांनी चितपट केले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवर गुणांनी मात केली.

त्यानंतर गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ही कुस्ती खाशाबा हरले. इशी पुढे सुवर्णपदक विजेता ठरला. ही दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवविरुद्ध उतरण्याची सूचना आली. नियमानुसार दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. मात्र हरकत घेण्यासाठी भारतीय पथकाचा अधिकारी मॅटजवळ नव्हता, अशी त्या दिवसाची हकीकत कुस्ती वर्तुळात आजही सांगितली जाते. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. मामेदबेकोव रौप्यपदकाचा मानकरी ठरला आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले.

दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ ने हरवून सुवर्णपदक जिंकले. हॉकीचे सुवर्ण देशाच्या सवयीचे झाले होते, त्यामुळे कौतुकाचा मोठा वाटा तिकडे गेला.

याच पथकात आणखी एक पैलवान होते, केशव माणगावे. फेदरवेट गटात ते चौथे आले. पदक एका स्थानाने हुकले. खाशाबांचे नाव निदान स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आहे. माणगावे यांचे नाव कुस्तीच्या जाणकारांपुरतेच राहिले. तिसरा आणि चौथा यांच्या मेहनतीत किती फरक असतो आणि पुढच्या आयुष्यात किती पडतो, हे या दोन नावांकडे पाहिले की कळते.

पदक घेऊन परतल्यावर…

कराड स्टेशनवर खाशाबांच्या स्वागतासाठी गर्दी लोटली. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांत कापता येणारे गोळेश्वरपर्यंतचे अंतर पार करायला कित्येक तास लागले. ढोल, ताशे, फटाके, गुलाल. गावाने आपल्या पोराचा सत्कार केला, कारण पदकात गावाचीही वर्गणी होती.

मिरवणूक संपली आणि हिशेब सुरू झाला. बक्षिसाची मोठी रक्कम नाही, मानधन नाही, नोकरी नाही. प्राचार्यांचे घर मात्र गहाण होते. त्यामुळे ऑलिम्पिक पदक विजेत्याने हाती घेतलेले पहिले मोठे काम होते कर्ज फेडण्याचे. त्यासाठी खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले. स्वतः त्यात उतरले, कुस्त्या मारल्या आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

या प्रसंगातून खाशाबांचा स्वभाव दिसतो. ज्याने विश्वास टाकला त्याचे देणे ठेवायचे नाही. पण खेळाडूच्या दृष्टीने पाहिले तर पुढच्या ऑलिम्पिकच्या तयारीचा महत्त्वाचा काळ आणि अंगातली ताकद कर्ज फेडण्यात खर्च झाली.

नोकरी मिळाली, पण केव्हा?

पदकानंतर तब्बल तीन वर्षांनी, १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. तोपर्यंत त्यांच्या वयाची २९ वर्षे पूर्ण झाली होती. पैलवानाच्या उमेदीचा काळ सरत आला होता.

पोलीस दलात असतानाही त्यांनी कुस्ती सोडली नाही. खात्यांतर्गत स्पर्धा जिंकल्या, तरुण पोलिसांना शिकवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारीही सुरू होती. मात्र गुडघ्याची गंभीर दुखापत झाली आणि ऑलिम्पिकचा दरवाजा बंद झाला.

यानंतरची पावशतकाहून अधिक वर्षे ते पोलीस अधिकारी होते. या नोकरीने घर चालवले, हे खरे. खाशाबांना मिळालेला करिअर सपोर्ट कोणता, असे विचारले तर उत्तर ही एक नोकरीच आहे. पण नोकरी देणे आणि खेळाडूचा अनुभव वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन ऑलिम्पिक खेळलेला, मातीतून मॅटवर जाण्याचा अवघड प्रवास स्वतः केलेला मल्ल देशात उपलब्ध होता. पुढच्या पिढीच्या राष्ट्रीय संघाला त्याचे ज्ञान देण्याची व्यवस्था मात्र क्रीडा यंत्रणेने केली नाही. कुस्तीत भारताला पुढचे ऑलिम्पिक पदक मिळायला २००८ उजाडले. बीजिंगमध्ये सुशीलकुमारने कांस्य जिंकले तेव्हा हेलसिंकीला ५६ वर्षे झाली होती.

निवृत्ती, निवृत्तीवेतन आणि अपघात

१९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्या वेळी क्रीडाज्योतीच्या दौडीत खाशाबांना सहभागी करून घेण्यात आले. हयातीत राष्ट्रीय पातळीवर त्यांची दखल घेतली गेल्याचा हा मोजक्या प्रसंगांपैकी एक.

१९८३ मध्ये ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. एवढी वर्षे सेवा करूनही निवृत्तीवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. गोळेश्वरच्या घराला त्यांनी ‘ऑलिम्पिक निवास’ असे नाव दिले होते.

निवृत्तीनंतरचे आयुष्य फार मोठे ठरले नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. त्यांच्या मागे कुटुंबाला आर्थिक आधार देणारी कोणतीही क्रीडा योजना नव्हती.

सन्मान कधी मिळाले?

तारखा क्रमाने पाहिल्या तर चित्र स्पष्ट होते.

१९९२-९३ : महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार, मरणोत्तर.

२००० : अर्जुन पुरस्कार, मरणोत्तर. पदकानंतर जवळपास अर्धे शतक लोटले होते.

२०१० : दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेच्या वेळी इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला खाशाबांचे नाव.

२०२३ : १५ जानेवारीला गूगलचे डूडल. त्याच वर्षी त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय.

पद्म पुरस्काराची मागणी मात्र कुटुंबीय आणि कुस्तीप्रेमी वर्षानुवर्षे करत आले आहेत. २०१७ मध्ये गोळेश्वर येथील नियोजित कुस्ती अकादमी रखडल्याने कुटुंबीयांनी थेट हेलसिंकीचे पदक लिलावात काढण्याचा विचार जाहीर केला होता. ज्या पदकासाठी एक घर गहाण पडले, तेच पदक ६५ वर्षांनी विकायला काढण्याची भाषा झाली.

करिअर सपोर्ट म्हणजे नेमके काय?

खाशाबांच्या आयुष्यातल्या अडचणी एकेक करून मांडल्या की या सेवेचे भाग आपोआप समोर येतात.

निधी : दौरा, सराव आणि खुराकासाठी पदक मिळण्याआधीच मिळणारा पैसा. खाशाबांकडे याऐवजी आधी राजा होता, नंतर प्राचार्य.

प्रतिनिधित्व : निवडीतला अन्याय, नियमांचा भंग किंवा कागदपत्रांच्या अडचणीत खेळाडूची बाजू मांडणारा माणूस. मद्रासमध्ये खाशाबांना महाराजांपर्यंत जावे लागले. हेलसिंकीत अर्ध्या तासाच्या विश्रांतीसाठी बोलणारे कोणी नव्हते.

दुहेरी करिअर : खेळत असतानाच शिक्षण किंवा नोकरीची सोय, तीही सरावाला वेळ देणारी.

दुखापतीनंतरचा आधार : खेळ अचानक थांबला तर उपचार, समुपदेशन आणि पुढची दिशा.

संक्रमण : निवृत्तीनंतर खेळाडूचे ज्ञान प्रशिक्षक, पंच, व्यवस्थापक अशा भूमिकांत वापरणे.

जगात या कामाला गेल्या तीन-चार दशकांत आकार आला. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात खेळाडूंच्या करिअर आणि शिक्षणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ब्रिटनमध्ये ‘परफॉर्मन्स लाइफस्टाइल’ सल्लागार अव्वल खेळाडूंसोबत काम करतात. शिक्षणाचे वेळापत्रक, पैशांचे नियोजन, निवृत्तीची तयारी हे त्यांचे विषय. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २००५ मध्ये खेळाडूंसाठी करिअर कार्यक्रम सुरू केला.

भारतात आज काय आहे?

खाशाबांच्या काळाशी तुलना केली तर बदल मोठा आहे. महाराष्ट्रात २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. केंद्र सरकारच्या ‘टॉप्स’ योजनेत, म्हणजे २०१४ मध्ये सुरू झालेल्या टार्गेट ऑलिम्पिक पोडियम स्कीममध्ये, निवडक खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा आणि परदेश दौऱ्यांचा खर्च सरकार करते. मुख्य गटातील खेळाडूंना दरमहा ५० हजार रुपये भत्ताही मिळतो. आंतरराष्ट्रीय पदक विजेत्यांसाठी केंद्राची निवृत्तीवेतन योजना आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये निवृत्त खेळाडूंना क्रीडा क्षेत्रातल्या नोकऱ्यांसाठी तयार करणारा ‘रीसेट’ हा अभ्यासक्रमही सुरू झाला.

त्याच ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसळेने कांस्यपदक जिंकले. तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. स्वप्नील २०१५ पासून रेल्वेत नोकरीला होता. म्हणजे नोकरी पदकाच्या नऊ वर्षे आधी मिळाली. खाशाबांना ती पदकाच्या तीन वर्षे नंतर मिळाली होती. दोन पिढ्यांमधला फरक या दोन आकड्यांत आहे.

मग प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. निवृत्तीवेतन, रोख बक्षिसे, थेट नियुक्ती यांपैकी बऱ्याच गोष्टींचा निकष आजही पदक हाच आहे. जो पदकापर्यंत पोहोचतो त्याला आधार मिळतो. जो चौथा येतो, ज्याचा गुडघा विशीत जातो, जो राष्ट्रीय शिबिरापर्यंत जाऊन परत गावी येतो, त्याच्यासाठी दारे कमी आहेत. तालमीत राहणाऱ्या शेकडो मुलांपैकी ऑलिम्पिकला एखादाच जाईल. बाकीच्यांना वयाच्या तिशीत दुसरे काहीतरी करावेच लागणार आहे. त्याची तयारी तिशीत सुरू झाली तर उशीर झालेला असतो. शाळा सोडून तालमीत दाखल होणाऱ्या मुलाच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न म्हणूनच पहिल्या दिवसापासून विचारावा लागतो.

खाशाबांच्या आयुष्यात मदत करणारी माणसे होती. राजा होता, प्राचार्य होते, अख्खे गाव होते. प्रत्येकाने आपापल्या परीने केले. पण राजाचे राज्य गेले, प्राचार्यांचे घर एकदाच गहाण पडू शकत होते आणि गावाची वर्गणी दर चार वर्षांनी निघत नाही. माणसांच्या चांगुलपणावर एक पदक आले, दुसरे आले नाही. गोळेश्वरच्या मल्लाची जयंती राज्य क्रीडा दिन म्हणून साजरी करताना जिल्ह्याजिल्ह्यांत सत्कार होतात, रॅली निघतात. त्या रॅलीत धावणाऱ्या मुलांपैकी जी चौथी येतील, त्यांच्यासाठी काय ठेवले आहे, हे उत्तर त्याच दिवशी देता आले तर त्या दिनाला अर्थ राहील.